आजीच्या पेटीतली १७८० ची राणी कोण? हाब्सबुर्ग घराण्याबद्दल कुणी सांगेल का

पडवी

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आजी गेली. तिची शिसवी पेटी आवरताना फडक्यात बांधलेलं एक मोठं चांदीचं नाणं मिळालं. आपल्या राणीछाप रुपयाहून चांगलंच मोठं, रुपया त्यावर ठेवला तर चहूबाजूंनी कड उरते. वर एक कडी जोडलेली आहे. लहानपणी आजी ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, असं आत्या सांगते. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी दिसणारी भारदस्त बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड, आणि साल १७८०.

सोनाराने वजन केलं. कडीसकट २९ ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणाला, "ताई, ही आपली राणी नव्हे. चांदीही आपल्या जुन्या रुपयापेक्षा हलकी आहे." भाच्याने फोनवर शोधून सांगितलं की ही ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, हाब्सबुर्ग घराण्यातली.

आजीचे वडील एडनच्या गोदीत मुकादम होते. १९४६ साली ते कायमचे गावी, गुहागरला आले. नाणं त्यांनीच आणलं असणार. पण ऑस्ट्रियाच्या राणीचा एडनशी काय संबंध? आणि कडेने जी अक्षरं आहेत त्यांचा अर्थ काय? मुखड्याच्या बाजूला: एम. थेरेसिया डी. जी. आर. इम्प. हू. बो. रेग. गरुडाच्या बाजूला: आर्किड. आव्स्ट. डक्स बुर्ग. को. तीर. १७८० एक्स.

आणखी एक विचारते. या घराण्याने साडेसहाशे वर्षं राज्य केलं असं वाचलं. इतकी वर्षं नुसत्या तलवारीवर कुणी टिकत नाही. लोकांच्या मनात यांनी एवढी जागा केली कशी?

टांकसाळ

पडवीताई, आजी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. नाण्यापुरतं मी सांगतो, घराण्याचं जाणकार सांगतील.

हा मारिया थेरेसा थालर. मूळ वजन २८ ग्रॅमच्या किंचित वर, चांदी हजारात ८३३. आपला जुना रुपया हजारात ९१७ चा, म्हणून तुमच्या सोनाराला चांदी हलकी वाटली. पारखी माणूस आहे. राणी वारली नोव्हेंबर १७८० मध्ये. पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, येमेनपासून इथिओपियापर्यंत, कॉफी, कातडी, हस्तिदंत याचे व्यापारी हेच नाणं मागायचे. साल बदललेलं चालत नसे. कपड्यावरच्या ब्रूचमधले मोती पुसट असले तरी नाणं परत करायचे. म्हणून राणी गेल्यावरही साच्यात १७८० च राहिलं आणि नाणी पडत राहिली. व्हिएन्नाची टांकसाळ आजही ते पाडते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली तेव्हा या नाण्याचे साचे ऑस्ट्रियाकडून मिळवले. मग इंग्रजांनीही आपले साचे केले, आधी लंडनला, आणि युद्धात १९४० ते ४१ या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. पावणेदोन कोटींहून जास्त नाणी मुंबईत पडली आणि तिकडे गेली. १९४६ ला एडनहून आलेलं नाणं मुंबईत जन्मलेलंही असू शकतं. ते ओळखायला गरुडाची पिसं, ब्रूच आणि किनारीवरची नक्षी भिंगाखाली बघावी लागते. फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. तोवर कडी कापू नका आणि चिंच लावून घासू तर मुळीच नका.

सांजवारा

पडवीताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मूळची सांगलीची, सहा वर्षं व्हिएन्नात होते. त्यातली तीन आपल्याकडच्या पाहुण्यांना ते शहर दाखवण्यात गेली. या घराण्याची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेन, पण कुणाच्या आजीच्या गळ्यातल्या नाण्यावरून सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. ती अक्षरंच वाचू. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या अक्षरांत आहे.

डी. जी. म्हणजे देवाच्या कृपेने. हू. बो. रेग. म्हणजे हंगेरी आणि बोहेमियाची राणी. हे शंभर टक्के खरं: १७४१ मध्ये प्रेसबुर्गला (आजचं ब्रातिस्लाव्हा) आणि १७४३ मध्ये प्रागला तिच्या डोक्यावर रीतसर मुकुट ठेवला गेला. त्याआधीचं आर. इम्प. म्हणजे रोमन सम्राज्ञी, प्राचीन रोमची नव्हे, मध्य युरोपातल्या "पवित्र रोमन" साम्राज्याची. ही ती नवऱ्याच्या नात्याने. बाईला सम्राटपद मिळतच नसे. १७४५ मध्ये फ्रँकफुर्टला तिचा नवरा फ्रांझ श्टेफान निवडून आला, त्याचा राज्याभिषेक झाला, आणि हिने स्वतःला अभिषेक करून घ्यायला नकार दिला. कारभार मात्र ४० वर्षं तिनेच केला. डोक्यावरचा तो पदर म्हणजे वैधव्याचं वस्त्र आहे. नवरा १७६५ ला गेला, त्यानंतर ती मरेपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली.

आता गरुडाची बाजू. डक्स बुर्ग., बर्गंडीची ड्यूक. १४७७ मध्ये बर्गंडीचा ड्यूक लढाईत पडला आणि त्याच्या एकुलत्या एक मुलीशी, मारीशी, हाब्सबुर्गांच्या माक्सिमिलियानचं लग्न झालं. नेदरलंड्ससारखा श्रीमंत मुलूख त्या लग्नाने हाती आला, पण खुद्द बर्गंडीची डची फ्रान्सच्या राजाने तेव्हाच गिळली आणि ती कधी परत आली नाही. तीनशे वर्षांनंतरही नाण्यावर ते नाव आहेच. हे घराणं हातचं गेलेलं कधी यादीतून काढत नसे. ज्या किल्ल्यावरून त्यांना हाब्सबुर्ग हे नाव मिळालं, तो स्वित्झर्लंडच्या आरगाऊमधला किल्लासुद्धा १४१५ लाच स्विसांनी घेतला. किल्ला गेला, नाव पाच शतकं पुढे चाललं.

आणि आता आर्किड. आव्स्ट. म्हणजे ऑस्ट्रियाची आर्चड्यूक. नाण्यावरची मला सगळ्यात जवळची अक्षरं हीच, कारण हा किताब बनावट कागदावर उभा आहे.

गोष्ट १३५६ ची. सम्राट चौथा कार्ल याने सम्राट कोण निवडणार ते सात जण कायम ठरवून टाकले, त्यात हाब्सबुर्ग नव्हते. घराण्याचा तरुण ड्यूक चौथा रुडॉल्फ हा त्या सम्राटाचाच जावई. अपमान त्याच्या फार जिव्हारी लागला. १३५८-५९ मध्ये, विशीत पाय ठेवता ठेवता, त्याने आपल्या दफ्तरात जुन्या सनदांचा एक जुडगा तयार करवला. त्यात लिहिलं होतं की ऑस्ट्रियाला पूर्वीपासूनच सगळ्यांहून वेगळा मान आहे, तिथला राजा हा साधा ड्यूक नसून त्याहून वरचा आहे. पुराव्यादाखल एका सनदेत दोन पत्रं घातली: एक ज्युलियस सीझरचं, एक नीरोचं. सीझर आणि नीरो ऑस्ट्रियाला सवलती देतायत!

सासऱ्याला संशय आला. त्याने ती पत्रं इटलीत कवी पेत्रार्ककडे पाठवली. १३६१ च्या मार्चमध्ये पेत्रार्कचं उत्तर आलं. त्याने पत्रांची चिरफाड केली आहे. सीझर स्वतःबद्दल "आम्ही" असं कधी लिहीत नसे, "मी" लिहायचा. पत्रात तो स्वतःला ऑगस्टस म्हणवतो, पण तो किताब त्याच्यामागून आलेल्याचा. आणि तारीख धड नाही. पत्र लिहिणाऱ्याला त्याने गाढव म्हटलं आहे.

कुणी वरमला असता. रुडॉल्फ वरमला नाही. त्याने किताब वापरायला सुरुवात केली. व्हिएन्नाच्या सेंट श्टेफान चर्चजवळच्या संग्रहालयात त्याचं एक लहानसं चित्र आहे, तेव्हाचंच, १३६० च्या सुमाराचं. तोंड किंचित उघडं, डोळे झोपाळू, खुरटी दाढी, आणि डोक्यावर कुठल्याच नियमात न बसणारा, त्याने स्वतः ठरवलेला मुकुट. वर लॅटिनमध्ये लिहिलंय: रुडॉल्फुस, आर्किडुक्स आउस्ट्रीए. मी दर खेपेला पाहुण्यांना त्या एका ओळीसमोर उभं करायची. सम्राटाने न दिलेला किताब त्याने स्वतःच्या तोंडावरच लिहवून घेतला होता. तो २५ व्या वर्षी मिलानला वारला. पण तेवढ्यात त्याने सेंट श्टेफानचं मोठं बांधकाम सुरू केलं, विद्यापीठ स्थापलं आणि तिरोल मिळवलं. तुमच्या नाण्यावरचं को. तीर. म्हणजे तिरोलची काउंट, तेही त्याचंच देणं, १३६३ चं. एका नाण्यावर त्या पोराच्या दोन खुणा आहेत, एक खोट्यातून आलेली आणि एक खरी.

मोडीवाचक

सांजवारा, फार सुंदर. मी मोडी कागदपत्रं वाचतो, बनावट सनदा आमच्याही हाताखालून जातात. म्हणून एक शंका. १३६१ मध्येच पितळ उघडं पडलं होतं, तर १७८० च्या नाण्यावर तो किताब अधिकृत म्हणून कसा? मध्ये कुणी तरी तो मान्य केल्याशिवाय हे होणार नाही.

सांजवारा

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. मान्य केला तो त्यांच्याच माणसाने. १४५२ मध्ये रोमला तिसरा फ्रिडरिश सम्राट झाला, तो हाब्सबुर्ग. पुढच्याच वर्षी, जानेवारी १४५३ मध्ये, त्याने सम्राट म्हणून आपल्या घराण्याच्या त्या सनदांवर शिक्कामोर्तब केलं. अर्जदार आणि न्यायाधीश एकाच घरातले. त्या दिवसापासून कागद बनावट असूनही किताब कायदेशीर झाला. सनदा खोट्या आहेत हे विल्हेल्म वाटेनबाख या इतिहासकाराने पुराव्यानिशी मांडलं ते १८५२ साली. तोपर्यंत किती मुली आणि मुलगे आर्चड्यूक म्हणून जन्मले, लग्नं झाली, गेले! साराजेव्होत गोळी लागली तो फ्रांझ फर्डिनांडही आर्चड्यूक म्हणूनच मेला.

मोडीवाचक, तुम्ही कागदाची माणसं आहात म्हणून माक्सिमिलियानबद्दल लिहिते. तो फ्रिडरिशचा मुलगा. त्याच्याइतकी स्वतःच्या स्मरणाची काळजी क्वचितच कुणी केली असेल. पदरी वंशावळ शोधणारे विद्वान ठेवले होते. त्यांनी घराणं थेट ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत नेऊन पोचवलं. छापखाना तेव्हा नवा, आणि त्याचा उपयोग त्याने ओळखला. दगडाची विजयकमान बांधायला पैसे नव्हते, म्हणून ड्यूररसारख्या चित्रकारांना बसवून कागदाची केली. १९० हून अधिक लाकडी ठोकळे कोरले, ३६ कागदांवर छापले, आणि सगळे जोडले की साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची कमान भिंतीवर उभी राहते. वंशवृक्ष, लढाया, लग्नं, सगळं त्यात. दगडी कमान एका गावात राहते. ही गुंडाळून कुठल्याही दरबारात पाठवता यायची.

इन्सब्रुकच्या होफकिर्खेत त्याची समाधी आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नोव्हेंबर होता, आत आम्ही चौघंच. मध्ये संगमरवरी चौथरा, आणि दोन्ही बाजूंना ब्राँझचे २८ पुतळे, माणसाहून मोठे, काळपट. गावातली माणसं त्यांना "काळे बाबे" म्हणावं तशा अर्थाच्या तिरोली नावाने ओळखतात. त्याच्या अंत्ययात्रेत चालणारे हे त्याचे पूर्वज आणि नातलग. त्यांत खरे हाब्सबुर्ग आहेत, बायका आहेत, आणि त्यांच्याच रांगेत इंग्रजांच्या दंतकथेतला राजा आर्थरही आहे, गॉथ राजा थिओडोरिक आहे. आर्थरचा पुतळा सगळ्यांत देखणा. पुतळ्यांच्या मुठी अर्धवट मिटलेल्या आहेत, त्यांत मेणबत्त्या धरायच्या म्हणून. मी एका बाईच्या पुतळ्याच्या त्या मुठीत डोकावले, आत खूप जुना काळोख होता. आपल्या नसलेल्या पूर्वजालाही मेणबत्ती धरून उभं करायचं, आणि शेजारी खरी आजी उभी करायची. थंडीत दहा मिनिटं त्या रांगेतून चाललं की कोण खरं, कोण आणून बसवलेलं हे डोक्यातून जातं. माझंही गेलं होतं.

आणि चौथऱ्याखाली कुणी नाही. माक्सिमिलियान पुरलाय दूर वीनर नॉयश्टाटला. त्याच्या अखेरच्या दिवसांत याच इन्सब्रुकच्या खाणावळवाल्यांनी जुनी बिलं थकली म्हणून त्याच्या लवाजम्याला थारा दिला नव्हता. तो तिथून निघाला आणि जानेवारी १५१९ मध्ये वाटेत वेल्स गावी वारला. समाधी नातवाने, पहिल्या फर्डिनांडने, चर्च बांधून उभी केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाने स्वप्न रंगवायचं आणि पुढच्या पिढ्यांनी ते कर्तव्य म्हणून पुरं करायचं, ही शिस्त या घरात होती.

करवंद

छान धागा. आम्ही प्रवासात बुडापेस्टला गेलो होतो, तिथे ऐकलेली गोष्ट: मारिया थेरेसा गादीवर आली आणि चारही बाजूंनी शत्रू उठले, तेव्हा ती तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन हंगेरीच्या सरदारांसमोर रडत उभी राहिली. सरदारांनी तलवारी उपसून "आमचे प्राण आणि रक्त तुमचं" अशी शपथ घेतली. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई म्हणून फार भिडलं.

सांजवारा

करवंद, ती गोष्ट सगळ्यांनाच भिडते, आणि त्यातलं बरंच खरं आहे. ११ सप्टेंबर १७४१, प्रेसबुर्गचा किल्ला. वय २४, खजिना रिकामा, प्रशियाच्या फ्रिडरिशने सायलेशिया घेतलेला. ती काळ्या कपड्यांत सरदारांपुढे आली, लॅटिनमध्ये बोलली, आणि "प्राण आणि रक्त" हा घोष खरोखर झाला. त्या दिवशी बाळ मात्र तिथे नव्हतं. सहा महिन्यांच्या योझेफला नंतर काही दिवसांनी आणून दाखवलं. पुढे चित्रकारांनी दोन्ही दिवस एका चौकटीत आणले आणि चित्रातलंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण यामुळे तिचं धैर्य उणं होत नाही. बाळाशिवाय, एकटी उभी राहिली होती ती.

तिची शेवटची भेट सांगते आणि थांबते, फार लांबलं. व्हिएन्नात नॉयर मार्क्टवर काप्युसिन साधूंचं साधं चर्च आहे. खाली तळघरात या घराण्याच्या शवपेट्या, १६३३ पासून. जिना उतरलं की धातूचा आणि ओलाव्याचा वास येतो. मारिया थेरेसा आणि फ्रांझची जोडपेटी खोलीएवढी मोठी आहे. ती १७५४ लाच, म्हणजे मरणाच्या २६ वर्षं आधी, तयार होती. झाकणावर नवराबायको अर्धवट उठून बसलेले, कयामतीच्या तुतारीने आत्ताच जाग आल्यासारखे एकमेकांकडे पाहतायत. चारी कोपऱ्यांत रडणाऱ्या स्त्रिया, त्यांच्याकडे चार मुकुट. त्यांतला एक जेरुसलेमचा! जेरुसलेमवर या घराण्याने एक दिवसही राज्य केलं नाही. आणि या डोंगराच्या पायथ्याशी थोरल्या मुलाची, योझेफची, तांब्याची साधी पेटी, एकही फूल न कोरलेली. त्याला हा सगळा थाट नको होता. त्याच खोलीसमूहात तिने आपल्या लहानपणीच्या सांभाळणाऱ्या बाईंनाही, काउंटेस फुक्सना, जागा दिली आहे. घराण्याबाहेरची तिथे एवढी एकच. प्रत्येक फेरीत मी त्या छोट्या पेटीपाशी जास्त वेळ थांबायची.

१६ जुलै २०११ ला मी व्हिएन्नात होते. शेवटच्या सम्राटाचा मुलगा, ओटो, त्याची अंत्ययात्रा निघाली. ऑस्ट्रिया १९१८ पासून प्रजासत्ताक, सरदारी किताब कायद्याने बंद, नावापुढे "फॉन" लावायलाही मनाई. तरी कोलमार्क्टवर मी गर्दीत टाचा उंचावून उभी होते. माझ्या बाजूची म्हातारी बाई पाकळ्या घेऊन आली होती, आजोबा त्यांच्या सैन्यात होते म्हणाली. दारावरचे ठोके मी घरी येऊन टीव्हीवर पाहिले. चर्चचं दार बंद. बाहेरून काठीने तीन ठोके. आतून साधू विचारतो, कोण आत येऊ पाहतंय? बाहेरचा सगळे किताब वाचतो: ऑस्ट्रियाचा युवराज, हंगेरी आणि बोहेमियाचा राजपुत्र, आणि मग आर्चड्यूक हा शब्दही येतो. आतून उत्तर: आम्ही त्याला ओळखत नाही. पुन्हा ठोके. आता आयुष्यातली कामं, पदं, पदव्या. आम्ही त्याला ओळखत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेरचा म्हणतो: ओटो, एक मर्त्य, पापी माणूस. मग दार उघडतं.

मी सांगलीत वाढलेली मुलगी, माझं त्या घराण्याशी काही देणंघेणं नाही. तरी तिसऱ्या वेळी मला हुंदका आला. आधी किताबांची रांग उभी केली नसती तर ते शेवटचं वाक्य इतकं लागलं नसतं.

पडवी

सांजवारा, टांकसाळदादा, मोडीवाचक, करवंद, सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी घरच्यांना सगळं वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "म्हणजे आईच्या गळ्यात एवढं सगळं लोंबत होतं होय!"

एक विचारायचं राहिलं. भिंग घेऊन नाणं आडवं धरलं तर किनारीवरही अक्षरं दिसतात. कडीच्या डाखाखाली काही झाकली गेली आहेत. एवढंच लागतं: "एत क्लेमेन्तिया".

टांकसाळ

"यूस्तितिया एत क्लेमेन्तिया", न्याय आणि क्षमाशीलता. तिचं ब्रीद होतं ते. झाकलेला शब्द न्याय. कडी जिथे आहे तिथेच राहू द्या, ताई.

पडवी

राहणार. लेकीने आत्ताच काळा दोरा ओवलाय.